ताई, शिकलेल्याला नेमकं काय म्हणायचं?

मागच्या अंकात लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'बद्दल दोन ओळी लिहिल्या काय आणि या वेळी टपालात नुसत्या डिग्र्याच डिग्र्या. मला त्याचं नवल नाही वाटलं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात मी २८ वर्षं मुद्रितं तपासली, पत्रिका, मानपत्रं, व्हिजिटिंग कार्डं, कॉलेजांची वार्षिकं सगळं हाताखालून गेलं, आणि त्यातून एक कळलं की पुण्यात माणूस नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर एकवेळ 'असू दे' म्हणेल पण नावापुढची डिग्री राहिली तर गठ्ठा परत घेऊन येतो. तर निवडक प्रश्न घेतेय, नावं नेहमीप्रमाणे देत नाहीये.

कोथरूडहून एक आई लिहितात: ताई, मुलीने दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला, मेकॅनिकल. आठ वर्षं चाकणला नोकरी करतेय, हाताखाली पंधरा माणसं आहेत. स्थळांसाठी बायोडेटा करताना मी 'सुशिक्षित' लिहिलं, हे म्हणाले 'उच्चशिक्षित' लिही, काय बिघडतं. परवा एका स्थळाचा फोन आला, त्या बाई म्हणाल्या अहो पण मुलगी ग्रॅज्युएट नाहीये ना, आम्हाला सुशिक्षित हवी होती. मला इतकं लागलं ते. डिप्लोमावाल्याला मराठीत काय म्हणतात?

काकू, शब्द आहे, 'पदविकाधारक'. डिग्रीला पदवी आणि डिप्लोमाला पदविका. पण हा शब्द सरकारी जाहिरातीत शोभतो, बायोडेटात नाही, तिथे सरळ 'डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग' लिहा आणि त्याच्याच खाली तिचं काम, हुद्दा, किती वर्षं ते लिहा. विशेषणच नको.

आता त्या फोनवाल्या बाईंबद्दल. त्यांनी दोन वेगळे शब्द एकाच पिशवीत घातले. पदवीधर म्हणजे ज्याच्याकडे विद्यापीठाचा कागद आहे तो, बस, त्यात गुण-दोष काही नाही, कागद आहे की नाही एवढंच. सुशिक्षितचं तसं नाही. त्यातला 'सु' बघा, सुगरणीतला, सुरेखमधला, तो 'चांगलं' म्हणतोय, 'किती' म्हणत नाहीये. चारचौघांत कसं बोलावं हे ज्याला कळतं, पेपर वाचतो, फॉर्म भरताना दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, अशा माणसाला आपल्या आज्या सुशिक्षित म्हणायच्या, मग तो नववी का असेना. आणि बसमध्ये कोणी खिडकीतून थुंकला की 'सुशिक्षित दिसतोय आणि बघा' असं म्हणतो ना आपण, तेव्हा आपण त्याची मार्कशीट थोडीच मागवतो. सुशिक्षितचा कागदाशी संबंध जोडला तो सरकारने, 'सुशिक्षित बेरोजगार' असं म्हणून. नोकरी नसलेल्या पदवीधराला, डिप्लोमावाल्याला काहीतरी म्हणायचं होतं, तो शब्द योजनांमधून, टेंडरांमधून इतका फिरला की आता सुशिक्षित म्हटलं की पुढे आपोआप बेरोजगार ऐकू येतं. तेव्हा सरकारी हिशोबाने धरलं तरी तुमची लेक सुशिक्षितच, नोकरी आहे म्हणून पुढचा शब्द तेवढा लागत नाही.

राहता राहिलं यजमानांचं 'उच्चशिक्षित'. या शब्दाला वर-खाली कुठेच कुंपण नाहीये ही त्याची गंमत. शासनाच्या भाषेत उच्च शिक्षण म्हणजे बारावीच्या पुढचं सगळं, म्हणजे एफवायबीएच्या वर्गात मागच्या बाकावर झोपलेला मुलगाही उच्च शिक्षण घेतोय. आणि स्थळांच्या भाषेत उच्चशिक्षित म्हणजे इंजिनिअर, डॉक्टर, एमबीए, आणि तेही शक्यतो परदेशी जाऊन आलेला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला बी.कॉम. मुलीला पत्रिकेत 'उच्चशिक्षित' छापलं जायचं, मी सोडताना एम.टेक.वाल्यांनाही ते कमी पडायला लागलं म्हणून 'उच्चविद्याविभूषित' आलं. हा शब्द टाइप करायला त्रास, वाचायला त्रास, आणि निवेदकाला माइकवर म्हणताना तर हमखास जीभ अडखळते. मी एकदा एका वरपित्याला म्हटलं, अहो 'विभूषित' म्हणजे दागिने घातलेला, मुलगा काय विद्येचे दागिने घालून बोहल्यावर चढणारे का? ते म्हणाले छापा हो ताई, व्याह्यांनी त्यांच्या पत्रिकेत छापलंय.

सदाशिव पेठेतून एक विद्यार्थी: मी लातूरचा, इथे कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. हिंदी पुस्तकांत ग्रॅज्युएटला 'स्नातक' म्हणतात, मराठीत 'पदवीधर'. दोन्ही संस्कृतच ना? मग मराठीने स्नातक का नाही घेतला? आणि 'शिक्षित' चालेल का?

बाळा, प्रश्न छान विचारलास, अभ्यासातून वेळ काढलास म्हणून जरा सविस्तर सांगते. स्नातक म्हणजे ज्याने अंघोळ केली तो. हसू नकोस. गुरूकडचं अध्ययन संपलं की समावर्तन नावाचा संस्कार असायचा, त्यात विधीपूर्वक स्नान करून शिष्य घरी परत यायचा, तो स्नातक. हिंदीने तो शब्द उचलून बी.ए.ला लावला आणि पुढच्या एम.ए.ला 'स्नातकोत्तर'. मराठीत स्नातक शब्द अगदी नाहीच असं नाही, दीक्षांत समारंभाच्या भाषणात 'स्नातकहो' म्हणून हाक मारणारे पाहुणे मी ऐकलेत, पण चहाच्या टपरीवर 'मी स्नातक आहे' म्हणून बघ, लोक विचारतील कशाचं व्रत बित आहे का.

पदवी हा शब्द मला जास्त आवडतो कारण तो चालण्यातून आलाय. पद म्हणजे पाऊल, संस्कृतात पदवी म्हणजे आधी वाट, पायवाट, मग त्या वाटेने पोचलेली जागा, दर्जा. आणि इंग्रजीतला ग्रॅज्युएट ज्या लॅटिन शब्दावरून आला त्या ग्रॅडसचाही अर्थ पायरी, पाऊल. म्हणजे ज्याने कोणी ग्रॅज्युएटला पदवीधर लावलं त्याने ठरवून लावलं असो की ओघात, पावलावर पाऊल अगदी बरोबर पडलंय. 'धर' म्हणजे धारण करणारा, चक्रधर, गिरिधरमधला. त्याच अर्थाने 'पदवीधारक'ही चालतं पण धारक म्हटलं की खातेधारक, शिधापत्रिकाधारक आठवतात आणि रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. माझं मत पदवीधर. बाईमाणसालाही पदवीधरच, वेगळं रूप करायची गरज नाही.

बरं पदवीधर ही जमात तरी आपल्याकडे किती जुनी? मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले, चौघे जण फक्त, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. तू रोज ज्या भांडारकर रस्त्यावरून जात असशील ते हे भांडारकर. त्याआधी पुण्यात शिकलेली माणसं नव्हती का, होतीच की, पण त्यांचे शब्द वेगळे होते. शास्त्री, पंडित, वेद मुखोद्गत असलेले दशग्रंथी, घनपाठी, आणि पत्राच्या मायन्यात वे. शा. सं. म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. पेशवे श्रावणात दक्षिणा वाटायचे, आणि पेशवाई गेल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीच पुढे वाढत वाढत डेक्कन कॉलेज झाली. आपल्याकडे विद्या आडनावात शिरायची बघ, शास्त्री, पाठक, पंडित, वैद्य. एका पिढीने अभ्यास करायचा आणि पुढच्या सात पिढ्यांनी नुसतं नाव लावायचं, बी.ए.ला ती सोय नाही.

आणि 'शिक्षित' मराठीत चुकीचा नाहीये, पण कानाला परका वाटतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे पाठीत धपाटा. म्हणून आपण 'शिकलेला' म्हणतो, किंवा अजून गोड हवं तर 'शिकलासवरलेला'. अशिक्षित, अल्पशिक्षित, अर्धशिक्षित हे मात्र सर्रास चालतात. नकार असला की शब्द लगेच पचतो, का ते देव जाणे.

हडपसरहून: आमची आजी सातवी पास, म्हणते मी 'फायनल' आहे. आम्ही मुलं हसतो. बाबा म्हणतात हसू नका. यात काय एवढं?

बाबा बरोबर आहेत, आजीच्या पाया पडा. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीची सार्वजनिक परीक्षा, शाळेतल्या शाळेतली नव्हे. ती पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची, गावात पत्र वाचायला, अर्ज लिहायला लोक त्याच्याकडे यायचे. 'फायनल झालेली बाई' हे त्या काळी एक वजनदार वाक्य होतं. तसंच 'मॅट्रिक'. मॅट्रिक ही आधी विद्यापीठाची परीक्षा होती, कॉलेजात शिरायचं दार, मग ती जाऊन एसएससी आली तरी लोकांनी मॅट्रिक शब्द सोडला नाही, अकरावीला मॅट्रिकच म्हणत राहिले, आणि १९७५ पासून ती परीक्षा दहावीला आली. म्हणून जुन्या माणसांचं 'अकरावी मॅट्रिक' आणि आजची अकरावी यात गल्लत करू नका, आजोबांची अकरावी म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष.

आणि तेव्हा नापासांनाही किंमत होती हो. 'नॉनमॅट्रिक' म्हणजे मॅट्रिकपर्यंत पोचलेला पण गचकलेला, 'बी.ए. नापास' म्हणजे निदान त्या बाकावर जाऊन बसलेला. लोक हे बिनदिक्कत लिहायचे. आता नापास शब्दच लपवतात, एटीकेटी म्हणतात, बॅकलॉग म्हणतात, 'एक विषय राहिलाय' म्हणतात, जसा काही तो विषय डबा विसरल्यासारखा घरी राहिलाय.

कर्वेनगरहून एक गृहस्थ: जुनी ट्रंक आवरताना आत्याआजीचं एक प्रमाणपत्र सापडलं, स्वातंत्र्याच्या आधीचं. तिच्या नावापुढे 'जी. ए.' आहे. बी.ए. ऐवजी चुकून छापलं का?

काका, हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. चूक नाही, सोनं सापडलंय तुम्हाला. जी. ए. म्हणजे 'गृहीतागमा'. आगम म्हणजे विद्या, शास्त्र, ते जिने ग्रहण केलंय ती गृहीतागमा. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तुम्ही जिथे राहता त्याच हिंगण्याच्या परिसरात, तेव्हा पदवीला बी.ए. न म्हणता गृहीतागमा म्हटलं आणि त्याच्या वरच्या एम.ए.च्या तोडीच्या पदवीला 'प्रदेयागमा', पी. ए., म्हणजे जी आता दुसऱ्याला विद्या देऊ शकते ती. आधी घेतलेली, मग देऊ शकणारी. बॅचलर आणि मास्टर या दोन शब्दांत बायका कुठे बसतात सांगा, एक ब्रह्मचारी आणि दुसरा धनी! कर्व्यांच्या विद्यापीठाने स्त्रीलिंगी पदवी तयार केली, मुळातच. २८ वर्षांत शेकडो डिग्र्या तपासल्या पण यांच्याइतकी विचार करून ठेवलेली नावं मला दिसली नाहीत.

पण दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई वाहवत गेल्या. त्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती, कायद्याने विद्यापीठ म्हणून दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. म्हणजे आत्याआजी शिकली खरी, पण सरकारदरबारी पदवीधर धरली गेली असेलच असं नाही. त्यामुळे त्या काळात मुलीला जी. ए. करणं म्हणजे घरच्यांनी शिक्षणासाठीच शिक्षण दिलं असा त्याचा सरळ अर्थ. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, कागद खराब होतो, नुसतं काचेत लावा.

असंच आपल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचं, १९२१ चं, असहकाराच्या दिवसांतलं. त्यांनी बी.ए. च्या जागी 'विशारद' आणि एम.ए. च्या जागी 'पारंगत' ठेवलं. पारंगत म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. विशारद आता लोकांना गाण्यामुळेच माहीत, संगीत विशारद, आणि त्याच्या वर अलंकार. गाण्याच्या क्लासवाल्यांनी मराठी शब्द टिकवला, कॉलेजवाल्यांनी सोडला, असं म्हणायला हरकत नाही.

बिबवेवाडीहून: मुलगा सीए झाला, पण बी.कॉम. शेवटचं वर्ष दिलंच नाही. पदवीधर मतदारसंघाचा फॉर्म आला तर शेजारचे म्हणाले तो पदवीधर नाही. सीए असून?

वहिनी, शेजाऱ्यांना चहाला बोलावू नका पण मुद्दा त्यांचा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. सीए ही विद्यापीठाची पदवी नव्हेच, ती संस्थेची सदस्यता आहे. मराठी शब्द सुद्धा बघा, 'सनदी लेखापाल'. सनद म्हणजे काम करायचा परवाना, वकिलाला लागते तशी. पदवी सांगते तू काय शिकलास, सनद सांगते तू काय करू शकतोस. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ साली सीए, सीएस वगैरेंना नेट परीक्षेसाठी पदव्युत्तरच्या तोडीचं मानलं, म्हणजे दर्जात कमी नाहीच, पण तोडीचं असणं वेगळं आणि तेच असणं वेगळं.

मतदारसंघाचं सांगायचं तर 'पदवीधर' या शब्दाला दातखिळी बसेल इतका काटेकोर अर्थ कुठे असेल तर तो इथे. घटनेच्या १७१ व्या कलमात आहे, विधान परिषदेच्या काही जागा पदवीधरांनी निवडायच्या, आणि पदवी घेऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत. विद्यापीठाची पदवी किंवा तिच्याशी समकक्ष ठरवून दिलेली अर्हता. तर मुलाने फॉर्म १८ भरताना त्या समकक्ष यादीत आपलं बसतं का ते निवडणूक कार्यालयात विचारावं, शेजाऱ्यांना नाही. आपल्या पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे येतात, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने करतात. म्हणजे दरवेळी पुन्हा सिद्ध करायचं की हो बाबा मी अजूनही पदवीधरच आहे.

काही फुटकळ प्रश्नांची एकगठ्ठा उत्तरं. 'पी.एच.डी.' नाही, 'पीएच.डी.', कारण पीएच हे फिलॉसॉफीच्या एकाच शब्दाचं टोक आहे, त्याचे दोन तुकडे करायचे नाहीत. तसंच 'एल.एल.बी.' नाही, 'एलएल.बी.', लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहितात, कायदा नव्हे कायदे. बिंदू द्यायचेच नसतील तर सगळीकडे नका देऊ, पीएचडी, एलएलबी, मला चालतं. 'पदव्युत्तर' हे पदवी अधिक उत्तर, त्यामुळे पदवित्तर, पदवीत्तर, पद्व्युत्तर हे तिन्ही बाद. आणि पदव्युत्तर हा अभ्यासक्रम असतो, माणूस नव्हे, 'माझी सून पदव्युत्तर आहे' म्हणू नका, 'एम.एस्सी. झालीये' म्हणा. मराठीत डिग्री 'होतात' लोक, हे लक्षात आलंय का कधी? बी.कॉम. झाला, वकील झाली, डॉक्टर झाली. 'मी माझी पदवी प्राप्त केली' असं कोणी घरी आईला सांगत नाही, 'आई, झालो गं' म्हणतो आणि आई साखर हातावर ठेवते.

मानद डी.लिट. मिळाली की नावामागे 'डॉ.' लावावं का असं एका नगरसेवकांच्या कार्यालयातून विचारलंय. संकेत असा की लावू नये. विचारलंत म्हणून सांगितलं.

नारायण पेठेतले एक निवृत्त शिक्षक: पूर्वी 'रँग्लर' अमुक, 'बॅरिस्टर' तमुक असं म्हणायचे. रँग्लर ही डिग्री होती का? आता असं काही राहिलं नाही.

सर, रँग्लर ही डिग्री नव्हे. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, त्यातला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि पुण्याने तो शब्द त्यांच्या नावाला असा चिकटवला की परांजपे नुसतं म्हटलं तर लोक विचारायचे, कोणते? पुढे रँग्लर महाजनी. इंग्रजीत रँग्लिंग म्हणजे हुज्जत घालणं, वाद घालणं, तेव्हा हा किताब पुण्याला मानवला यात आश्चर्य नाही. बॅरिस्टरचं 'बॅ.' तर मराठीने नावाआधीचं उपपदच करून टाकलं. आणि असं काही राहिलं नाही म्हणता, तर आता 'सीए' अमुक, 'इंजि.' तमुक, 'ॲड.', 'प्रा.' हे फ्लेक्सवर बघा. ढोल पथकाच्या फ्लेक्सवर मी 'इंजि.' एकवीस वेळा मोजलंय, एकाच फ्लेक्सवर.

औंधहून एक बाई: आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मुलाच्या मित्राने 'अडाणी' म्हटलं, मावशी ऐकत होत्या. मी त्याला रागावले. पण मग बरोबर शब्द काय, निरक्षर?

रागावलात ते उत्तम. निरक्षर हा मोजणीचा शब्द आहे. जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांची किंवा त्याहून मोठी अशी व्यक्ती जिला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं. शाळेत गेलेली असण्याची अटच नाही. आणि नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही तर ती साक्षर धरत नाहीत. तेव्हा मावशींना आधी विचारा तरी, किराण्याची यादी करतात का, बसची पाटी वाचतात का. अडाणी म्हणजे ज्याला जगायचं कसं ते कळत नाही, आणि ज्या बाईने दहा घरांची दहा तिखटं सांभाळून तीन मुलं शिकवली ती अडाणी कशी. 'अंगठेबहाद्दर' हा तर टर उडवायचा शब्द, तो घरात नकोच. आमच्या छापखान्यात एक खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारे काका होते, शाळा चौथीपर्यंत, पण उलटे खिळे सुलट वाचायचे आणि माझ्या नजरेतून सुटलेला अनुस्वार त्यांनी कित्येकदा पकडलाय. त्यांना मी काय म्हणावं यावर अजून शब्द सापडलेला नाही.

आणि त्या मुलाच्या मित्राला एक गंमत सांगा. संस्कृतात जुना श्लोक आहे, 'साक्षरा' उलटं वाचलं की 'राक्षसा' होतं, पण 'सरस' उलटं वाचलं तरी सरसच राहतं. रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खाचा समास वेगळा लिहिलाय, दुसऱ्या दशकात शेवटचा. म्हणजे शिकलेल्या मूर्खाला स्वतंत्र जागा द्यावी लागते हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. चांगला शब्द आहे पण जपून वापरा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर नकोच.

शेवटचा, सहकारनगरहून: ताई, नवीन फ्लॅटची पाटी करायला टाकायचीये. हे बी.ई., एम.बी.ए., मी एम.ए. मराठी, बी.एड., सेट. सासरे बी.एस्सी. ॲग्री. पाटीवाला म्हणतो अक्षरावर पैसे. काय ठेवू, काय काढू?

तुमचं मराठी एम.ए. आहे म्हणून एकच सांगते, आडनाव आणि घंटी कुठे आहे एवढं ठेवा. सासऱ्यांची बी.एस्सी. ॲग्री मात्र राहू दे, त्यांच्या वेळी ती करायला कृषी महाविद्यालयात मोठी वशिल्याशिवायची चढाओढ असायची, आणि पाटीकडे दिवसातून चार वेळा बघणारे घरात तेच आहेत. 'ॲग्री'च्या पुढे पूर्णविराम द्यायला सांगा, पाटीवाले तो हमखास खातात, आणि त्याचे पैसे लावू देऊ नका.